निकालाचा छेद

उन्हाळ्यात महाविद्यालयांच्या फलकांवर निकाल झळकतात : तृतीय वर्ष कला, ९२ टक्के. आकडा खरा असतो. पण अपूर्णांक शिकवताना आपण मुलांना जो प्रश्न विचारतो, तोच येथेही विचारायला हवा. छेद कोणता घेतला?

येथे छेद असतो परीक्षेला बसलेल्यांचा. समजा, तीन वर्षांपूर्वी प्रथम वर्षाला १०० जणांनी प्रवेश घेतला. त्यांतले ५० जण वेळेवर शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचले आणि ४६ उत्तीर्ण झाले. फलकावर ९२ टक्के लागले. प्रवेश घेतलेल्यांचा छेद धरला, तर वेळेत पदवीधर झाले ४६ टक्के. उरलेल्या ५४ जणांपैकी ४ नापासांत तरी मोजले गेले. ५० जण कोणत्याच रकान्यात नाहीत. त्यांतले काही पोलीस भरतीत किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला गेले असतील, त्यांना गळती म्हणू नये. बाकीच्यांचे काय झाले?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात याची उत्तरे शोधायला फार लांब जावे लागत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. सत्र संपण्याचा आणि परीक्षेचा काळही साधारण तोच. मुलगा उचल फेडायला आईबापांबरोबर गेला, तर पेपर बुडतो. एस.टी.चे पाहा. अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेत मुलींना पास मोफत मिळतो, पण बारावीपर्यंतच. पुढे सवलत आहे, तरी पासाच्या एक तृतीयांश रक्कम दर महिन्याला हातात हवी. ज्या अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, त्यांच्या नावाचा पास नेमका पदवीच्या दारात थांबतो, हे आम्हाला खटकते.

एकदा विषय राहिला की गणित कसे बिघडते तेही पाहू. एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची मुभा. सध्याच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला २०. चार-चार श्रेयांकांचे दोन विषय राहिले, तर ते पुन्हा देण्याच्या सत्रात ओझे २८ चे होते. दिवसाचे तास मात्र तेवढेच. मग चालू विषयांतला एखादा सुटतो आणि थकबाकी पुढे सरकते. सावकाराच्या व्याजाची चाल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावायला नको. मदत करायची तर ती पहिल्या सत्रातच करणे स्वस्त पडते.

अशा मदतीची आपली जुनी वाट म्हणजे ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्याला महाविद्यालय सुरू केले, ते याच तत्त्वावर. श्रीरामपूर, कोपरगाव येथे रयतची महाविद्यालये आहेत. पुणे विद्यापीठही त्यांच्याच नावाने संलग्न महाविद्यालयांत ही योजना चालवते. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करायचे आणि तासांप्रमाणे मोबदला घ्यायचा. यातले मर्म पैशाइतकेच जागेत आहे. काम महाविद्यालयाच्या आवारात आणि तासिका सांभाळून असल्यामुळे मजुरीसाठी वर्ग बुडत नाही.

योजनेतली मुले अधिक संख्येने वेळेत पदवी घेतात असे दिसले, तर श्रेय योजनेचे का? लगेच हो म्हणू नये. मुळात जिद्दीची मुलेच अर्ज करतात. विज्ञानाचे शिक्षक नियंत्रित प्रयोग जाणतात; येथेही तोच हवा.

तसा प्रयोग न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठात झाला. तेथे २००७ मध्ये दोन वर्षांच्या पदवीसाठी ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे. विद्यापीठाने शुल्कातली तूट भरायची, पुस्तके आणि शहरी प्रवासाचा पास द्यायचा. एका सल्लागाराकडे साधारण ६० ते ८० विद्यार्थी. एरवी त्याच महाविद्यालयांत सल्लागारामागे ६०० पेक्षाही जास्त असत. २०१० पासून ८९६ गरीब विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली : एकाला असॅप, दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. चिठ्ठीला जिद्द दिसत नाही, त्यामुळे दोन्ही गट सारखे ठरले. तीन वर्षांनी पहिल्या गटात ४० टक्के पदवीधर झाले, दुसऱ्यात २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला होता, तरी दर पदवीमागे तो कमी निघाला. पुन्हा छेदाचीच गोष्ट!

शुल्क, पुस्तके, पास, चौकशी करणारे माणूस : यातली एकच वस्तू दिली असती तर एवढा फरक पडला असता का, हे या प्रयोगातून कळत नाही, त्यात सगळे एकत्र दिले होते. आपल्याकडे शुल्कसवलत एका कार्यालयात, पास आगारात आणि ‘कमवा आणि शिका’ तिसऱ्या टेबलावर. चौथी गोष्ट, चौकशी, कोणाच्याच कामात लिहिलेली नाही.

ती शिक्षकाला करता येते. प्रवेश संपताच प्रथम वर्षाच्या सर्व नावांची यादी एका वहीत उतरवावी आणि तीन वर्षे तोच छेद ठेवावा. पहिली तपासणी पहिल्या सत्राच्या परीक्षेचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात करावी. ज्याचा अर्ज आलेला नाही, त्याच्या घरी फोन लावायचा. तेव्हा ट्रक गावातून निघालेला नसतो.