कुत्रं साखळी ओढतं? हिसका देऊ नका, जागेवर थांबा

गावातल्या बऱ्याच घरांत आता पॉमेरियनसारखी छोटी कुत्री दिसतात. फिरायला नेलं की कुत्रं पुढे आणि मालक मागे, हे चित्र नेहमीचं. मग वैतागून साखळीला हिसका दिला जातो. चूक तिथंच होते. या जातीत श्वासनलिका कमकुवत असू शकते. गळ्याच्या पट्ट्यावर सारखा ताण आला की त्रास वाढतो, बदक ओरडल्यासारखा कोरडा खोकला येतो. असा खोकला ऐकू आला तर पशुवैद्यकाला दाखवा.

जड साखळी काढून टाका. छातीवरून बांधायचा पट्टा (दुकानात हार्नेस म्हणून मागा) आणि ५-६ फुटांची हलकी दोरी पुरते.

कुत्रं ओढतं, कारण ओढलं की पुढे जायला मिळतं. तेच बंद करायचं. दोरी ताणली की गप्प उभं राहा. ओरडू नका. ते मागे वळलं, दोरी सैल पडली, की लगेच भाकरीचा नखाएवढा तुकडा आपल्या पायाजवळ द्या आणि चालू लागा. पहिल्या दिवशी अंगण ओलांडायलाच १० मिनिटं लागतील, लागू द्या. मात्र घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायचा. पोरांनी एकदा ओढू दिलं की केलेली मेहनत पाण्यात.

अंगणात जमल्यावरच रस्त्यावर न्या, तेही रेबीजची लस झाल्यावर. उसाची ट्रॉली किंवा मोकाट कुत्री दिसली तर लांबूनच वाट बदला. दुपारी डांबरी रस्ता नकोच, पंजे भाजतात.