मधल्या सुट्टीतले ‘दादा’ आणि ‘ताई’

मुलांनो, तुमच्या वर्गात एखादा ‘दादा’ आहे का? घरातला लाडका दादा नव्हे हं! दुसऱ्याच्या डब्यातला पराठा न विचारता उचलणारा, कंपासपेटी लपवणारा, ‘ए चष्मिश’, ‘ए ढब्बू’ म्हणत साऱ्या वर्गाला हसवणारा. अशा ‘ताई’सुद्धा असतात बरं का. त्या मारत नाहीत. ‘हिच्याशी कुणी बोलायचं नाही’ असा हुकूम काढतात. मला विचाराल, तर अशी कट्टी चिमट्यापेक्षा जास्त दुखते.

पण चिडवाचिडवी तर सगळेच करतात! दोघांनी एकमेकांना चिडवलं, दोघंही हसले, की ती गंमत. रोज एकालाच गाठलं, तेही मुद्दाम, आणि त्याला उलट बोलता येत नाही म्हणून, की झाली दादागिरी. नॉर्वेतल्या डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यांनीही दादागिरी अशीच ओळखली.

या दादाला सर्वांत जास्त काय आवडतं, सांगू? प्रेक्षक! कॅनडातल्या टोरांटो शहरात संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचे असे प्रसंग कॅमेऱ्यात टिपले. २००१ साली त्याचे आकडे छापून आले. शंभरातल्या ८८ प्रसंगांत इतर मुलं आसपास होती, पण कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ प्रसंगांत. आणि मध्ये पडल्यावर? निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला! दहापर्यंत मोजून बघा बरं, किती वेळ लागतो ते.

मध्ये पडायला मारामारी करावी लागत नाही. “चल रे, कबड्डीला एक गडी कमी पडतोय,” म्हणून त्या मुलाचा हात धरून न्यायचं. कॅनडातच, नोव्हा स्कोशिया प्रांतात, २००७ साली नववीतला एक मुलगा गुलाबी शर्ट घालून शाळेत आला म्हणून काहींनी त्याला धमकावलं. बारावीच्या दोन मुलांनी काय करावं? ५० गुलाबी शर्ट विकत आणले आणि शाळेत वाटून टाकले. आता कुणाकुणाला चिडवणार?

आणि त्रास तुम्हालाच होत असेल तर? ‘दुर्लक्ष कर’ असं मोठी माणसं पटकन सांगतात. पण रोज डबाच जात असेल, तर उपाशीपोटी दुर्लक्ष कसं करणार? ताठ उभं राहून छोटंसं वाक्य बोला, “माझा डबा ठेव.” घरी आरशासमोर चार वेळा म्हणून बघा. शिवी नको, हात उगारणं नको. नाहीतर बाईंना नुसतं दोघांचं भांडण दिसतं. जिन्याखाली, मैदानाच्या कोपऱ्यात एकटं जाऊ नका.

मग मोठ्यांना सांगा. ही चुगली नाही. मात्र “तो मला त्रास देतो” एवढ्यावरून आम्हा शिक्षकांना फारसं कळत नाही. “सोमवारी मधल्या सुट्टीत, नळाजवळ,” म्हणालात, की मंगळवारी आम्ही नळाजवळ हजर! म्हणून वहीत वार, जागा, कोण कोण होतं ते लिहून ठेवा. मोबाइलवर कुणी वाईट लिहिलं, तर ते पुसू नका, आईला दाखवा. कुणालाच सांगता येत नसेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन दिवसरात्र, फुकट चालू असतो.

आई-बाबांनो, शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, डबा रिकामा येतो तरी मूल भुकेलंच असतं, पेन्सिली सारख्या हरवतात, तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. ‘तूही दे एक ठेवून’ हा सल्ला नको. तुमच्या मुलाच्या अंगात तेवढं बळ असतं तर त्याला कुणी गाठलंच नसतं. त्या मुलाच्या दारात भांडायला जाण्यापेक्षा आधी वर्गशिक्षकांना भेटा.

आणि कधी शाळेतून निरोप आला, की तुमचंच लेकरू ‘दादा’ झालंय? तेव्हा ‘आमचा तसा नाहीच’ म्हणू नका, आणि घरी नेऊन बदडूही नका. ज्याच्या अंगात ताकद त्यानं मारायचं, हेच तर तो शाळेत करत होता. समोर बसवा, काय काय झालं ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि ज्याचा डबा खाल्ला त्याच्यासाठी उद्या एक पराठा जास्त द्या. नेऊन मात्र त्यालाच देऊ दे.