हजार हातांना एकच माप

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्याला लागणारे सुटे भाग निरनिराळ्या कार्यशाळांत तयार होतात. एका ठिकाणी बोल्ट बनतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्यावर बसणारा नट. दोन्हीकडचे कारागीर एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. तरी नट बोल्टवर नेमका बसतो. असे का होते? ‘एम ६’ म्हटले की बोल्टचा व्यास ६ मिलिमीटर आणि लगतच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर, असे सर्वांनी मिळून ठरवले आहे. अशा ठरावाला मानक म्हणतात. मानक असले म्हणजे शंभर ठिकाणी एकाच वेळी काम चालू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, शेकडो प्रोसेसर एकत्र राबवणाऱ्या संगणकांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. तेथे नट-बोल्टची जागा आज्ञावलींनी घेतली होती, एवढाच फरक.

एकाऐवजी अनेक

हवामानाचा अंदाज काढण्यासारखी प्रचंड गणिते एका प्रोसेसरला झेपत नाहीत. मग गणिताचे तुकडे करून ते अनेक प्रोसेसरांना वाटून देतात. यालाच समांतर संगणन म्हणतात. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ साली झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील शास्त्रज्ञांनी हाच मार्ग धरला आणि १९९१ मध्ये ६४ प्रोसेसरांचा ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात ‘ट्रान्सप्युटर’ जातीचे प्रोसेसर होते.

पण हात वाढले की घोटाळेही वाढतात. समजा, बँकेच्या एका खात्यात ५०० रुपये आहेत. एका प्रोसेसरला त्यात २०० रुपये जमा करायचे आहेत, दुसऱ्याला १००. दोघांनी एकाच क्षणी शिल्लक वाचली. दोघांनाही ५०० दिसले. पहिल्याने ७०० लिहिले. लगेच दुसऱ्याने त्यावर ६०० लिहिले. खरी शिल्लक ८०० हवी होती. २०० रुपये कोठे गेले? कोणाचीही बेरीज चुकली नाही, तरी उत्तर चुकले!

निरोप पाठवा, हात लावू नका

यावर एक सुंदर उपाय आहे. खाते म्हणजे एक बंद पेटी समजा. आतला आकडा फक्त ती पेटीच बदलू शकते. बाहेरच्यांनी तिला ‘२०० जमा कर’ असा निरोप धाडायचा. पेटी एका वेळी एकच निरोप हाती घेते, त्यामुळे गोंधळ होत नाही. स्वतःची माहिती आणि ती हाताळण्याची रीत स्वतःजवळ बाळगणाऱ्या अशा पेटीला संगणकशास्त्रात ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्रा. लक्ष्मीकांत काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कल्पनेवर ‘चार्म++’ ही पद्धत उभारली. तिच्यावरील निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. तिची युक्ती अशी : प्रोसेसर शंभर असले, तर कामाचे तुकडे शंभरच न करता हजार किंवा त्याहून अधिक करायचे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक ऑब्जेक्ट. एखाद्या प्रोसेसरवर कामाचा ढीग साचला, तर त्याच्याकडचे काही ऑब्जेक्ट उचलून रिकाम्या प्रोसेसरवर नेता येतात. लग्नाच्या पंगतीत वाढपी कमी पडलेल्या रांगेकडे दुसऱ्या रांगेतले वाढपी वळवतात, तसेच काहीसे. फरक इतकाच, की येथे वाढपी जागेवर राहतो आणि रांगच हलते. ‘नॅमडी’ ही जैविक रेणूंच्या हालचालींचे गणित करणारी आज्ञावली चार्म++ वरच चालते. एड्सच्या विषाणूच्या कवचाचा सुमारे ६.४ कोटी अणूंचा अभ्यास तिच्या साहाय्याने झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला.

बारा कोसांवर भाषा बदलते

मात्र अशी पद्धत शोधणारे एकटे काळेच नव्हते. सी++ या भाषेला समांतर रूप देण्याचे प्रयत्न ठिकठिकाणी चालू होते. १९९६ साली निघालेल्या एका ग्रंथात अशा पंधरा पद्धतींचे वर्णन आहे. प्रत्येकीत काही ना काही गुण होता, पण एकीत लिहिलेली आज्ञावली दुसरीत चालत नसे.

यंत्रांचीही हीच तऱ्हा होती. इंटेल, आयबीएम, एनक्यूब या कंपन्यांच्या समांतर संगणकांत निरोप पाठवण्याची रीत वेगवेगळी होती. यंत्र बदलले की वर्षांची मेहनत नव्याने करावी लागे. आणि यंत्रे तर भराभर बदलतात. परम ८००० मधले ट्रान्सप्युटर मागे पडले. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये अल्ट्रास्पार्क हे निराळेच प्रोसेसर होते. यंत्राचे आयुष्य थोडे असते. चांगली आज्ञावली मात्र अनेक वर्षे टिकावी लागते.

प्रतिस्पर्धी एका टेबलाशी

एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील विल्यम्सबर्ग येथे या प्रश्नावर एक बैठक झाली. पुढे सुमारे ४० संस्थांतील ६० माणसे कामाला लागली. त्यांत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या होत्या, तशीच विद्यापीठे आणि प्रयोगशाळाही होत्या. १९९३ मध्ये ही मंडळी दर सहा आठवड्यांनी भेटत. सभा सर्वांना खुली असे आणि मतदानात एका संस्थेला एकच मत असे. कोणा एकाची पद्धत जशीच्या तशी न उचलता सर्वांतले चांगले घेतले गेले. १९९४ साली ‘एमपीआय’ हे निरोप पाठवण्याचे मानक प्रसिद्ध झाले. आजही ते जगभरच्या महासंगणकांवर वापरात आहे.

ऑब्जेक्टच्या बाबतीत मात्र एकमत इतके सोपे नव्हते. एमपीआयच्या १९९७ च्या आवृत्तीत सी++ साठी खास रीत जोडली होती. २०१२ च्या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. ‘एचपीसी++’ नावाने झालेला एकत्र प्रयत्नही सर्वत्र रुजला नाही. अखेर सी++ भाषेच्याच आंतरराष्ट्रीय मानकात २०११ साली समांतर धाग्यांची सोय झाली आणि २०१७ साली समांतर रीतीने चालणाऱ्या क्रिया आल्या. कागदावर छापले म्हणून मानक होत नाही. लोकांनी ते वापरले तरच ते मानक ठरते. चार्म++ ही स्वतंत्र राहिली, पण एमपीआयमध्ये लिहिलेल्या आज्ञावली आपल्या ऑब्जेक्टवर चालवण्याची सोय तिने करून ठेवली. नवा शोध आणि जुना ठराव एकत्र नांदू शकतात, ते असे.

वर्गात करून पाहा

वर्गाचे दहा गट करा. १ ते १०० या संख्यांची बेरीज करायची आहे. पहिल्या गटाला १ ते १०, दुसऱ्याला ११ ते २०, याप्रमाणे काम वाटा. प्रत्येक गटाने उत्तराची चिठ्ठी फळ्याजवळच्या विद्यार्थ्याला द्यायची. चिठ्ठीत काय लिहायचे, हे पहिल्या वेळी मुद्दाम सांगू नका. कोणी नुसता आकडा लिहील, कोणी अक्षरांत लिहील, कोणी गटाचे नाव विसरेल. एखादी चिठ्ठी हरवली, तर कोणाची हे शोधता येणार नाही.

आता सर्वांनी चर्चा करून, मत घेऊन, चिठ्ठीचा नमुना ठरवा : ‘पासून, पर्यंत, बेरीज’. पुन्हा प्रयोग करा. ५५, १५५, २५५ अशी उत्तरे येत जातील आणि एकूण बेरीज ५०५० होईल. दोन्ही वेळा किती वेळ लागला, ते घड्याळावर मोजा. नमुना ठरवताना किती वाद झाले आणि आपले म्हणणे कोणी सोडून दिले, तेही वहीत लिहा. मानक बनवण्यातला सर्वांत अवघड भाग तोच आहे.