कोड रिव्ह्यू : शून्य रुपयांचं तिकीट आणि दुसरे डोळे

म्हैसूरहून बोलतोय. मागच्या भागात आपण स्प्रिंट म्हणजे काय ते पाहिलं. महाराष्ट्रातून इंजिनिअरिंग करून इथे ट्रेनिंगला येणारी मुलं त्यावर एक प्रश्न हमखास विचारतात : "दोन आठवड्यांचा स्प्रिंट, त्यात कोड रिव्ह्यूला वेळ कुठून आणायचा?" आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी व्याख्या. एकाने लिहिलेला कोड मुख्य कोडमध्ये मर्ज होण्याआधी दुसऱ्याने वाचायचा, शंका विचारायच्या आणि समाधान झाल्यावरच मान्यता द्यायची. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पण टेस्टिंग असताना हे कशाला?

एक उदाहरण घेऊ. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना सुरू आहे. राज्यातल्या रहिवासी महिलांना सरकारी साध्या बसमध्ये प्रवास मोफत. आरामबस आणि परराज्यात जाणाऱ्या बस यात येत नाहीत. आता समजा, कंडक्टरच्या तिकीट-यंत्राचा प्रोग्राम आपल्या टीमकडे आला. एका हुशार मुलाने लिहिलं : भाडं शून्य असेल तर तिकीट छापू नको. कागद वाचला, वेळ वाचला. त्याने टेस्टही लिहिली : भाडं शून्य, तिकीट छापलं नाही, टेस्ट पास! सगळं हिरवंगार.

पण या योजनेत बाईंना शून्य रुपयांचं तिकीट द्यावंच लागतं. त्या तिकिटांच्या हिशोबावर सरकार महामंडळाला पैसे देतं. तिकीट नाही म्हणजे प्रवासाची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे महामंडळाचं नुकसान. उदाहरण कल्पित आहे, योजना मात्र खरी आहे.

इथे लक्षात घ्या, कोडमध्ये व्याकरणाची चूक नाही, प्रोग्राम बंद पडत नाही. चूक समजुतीत आहे. आणि ज्या समजुतीने कोड लिहिला, त्याच समजुतीने टेस्ट लिहिली. म्हणून टेस्टला ती सापडणार नाही. ती सापडेल रोज सिटी बसने ऑफिसला येणाऱ्या सहकारी मुलीला. ती एका ओळीत विचारेल, "अरे, मला तर रोज शून्याचं तिकीट मिळतं. मग इथे छापत का नाही?" रिव्ह्यूची खरी ताकद ही आहे.

थोडा इतिहास पाहू. १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली. आधी तयारी, मग बैठक, प्रत्येकाची ठरलेली भूमिका, सापडलेल्या चुकांची नोंद. पद्धत उत्तम, पण वेळखाऊ. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात कोड रिव्ह्यू हा शब्दच नाही. पण थोडं थोडं काम सतत पूर्ण करत राहायचं म्हटलं की तपासणीही थोडी थोडी आणि सतत व्हायला हवी. २००५ मध्ये गिट आलं, २००८ मध्ये गिटहब आलं, आणि पुल रिक्वेस्टमुळे बैठकीशिवाय रिव्ह्यू करणं सोपं झालं.

मग वेळ कुठून आणायचा? बदल लहान ठेवा. गुगलने २०१८ मध्ये आपल्या रिव्ह्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एका बदलातल्या ओळींची मध्यम संख्या निघाली फक्त २४. चोवीस ओळी चहा गार होण्याआधी वाचून होतात. दोन हजार ओळी स्प्रिंटच्या शेवटच्या संध्याकाळी पाठवल्या, तर समोरचा न वाचताच "ठीक आहे" लिहून मोकळा होतो. तो रिव्ह्यू नव्हे, नुसता शिक्का!

दुसरं, रिव्ह्यू अडवून ठेवू नका. शक्यतो त्याच दिवशी उत्तर द्या. स्प्रिंटमधल्या 'पूर्ण झालं' या व्याख्येत रिव्ह्यू धरा, म्हणजे त्याचा वेळ अंदाजातच येतो. तिसरं, स्पेस, कंस, नावांची ठेवण यावर माणसांनी भांडू नये. ते काम लिंटरला द्या. माणसाने अर्थ तपासावा.

आता फायद्याचं बोलू. मायक्रोसॉफ्टमध्ये २०१३ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की लोक रिव्ह्यू करतात चुका शोधायला, पण अपेक्षेपेक्षा चुका कमी सापडतात. त्याच्या जोडीला एकमेकांचं काम कळतं, ज्ञान पसरतं, दुसरा चांगला मार्ग सुचतो. अजाइल टीममध्ये हे सोन्यासारखं आहे. एखादा रजेवर गेला तरी काम अडत नाही.

आणि दुसरे डोळे नसले तर? १ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली शेअर दलाल कंपनी नाइट कॅपिटल. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एक राहून गेला. हे काम दुसऱ्या कुणी तपासलंच नव्हतं. त्या सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. इथे कोडच्या ओळी नव्हे, कोड चढवणं तपासायचं राहिलं होतं. पण धडा तोच.

शेवटची गोष्ट आपल्या स्वभावाची. "सरांच्या कोडवर मी काय बोलणार?" हा संकोच सोडा. सीनिअरचा कोड नव्या मुलाने वाचलाच पाहिजे. त्याला समजला नाही, तर सहा महिन्यांनी दुसऱ्यालाही समजणार नाही, हीच मोठी सूचना आहे. आणि सीनिअरनी "हे काय लिहिलंय?" असं विचारू नये. "इथे असं करण्यामागे काय विचार होता?" असं विचारावं. पहिल्या वाक्याने माणूस गप्प होतो, दुसऱ्याने कोड सुधारतो. आज एआयकडून कोड लिहून घेतानाही हेच लागू आहे. लिहिणं झटपट झालं, पण समजून घेऊन "हो" म्हणण्याची जबाबदारी आपलीच आहे.

या आठवड्यात एक करा. पुढचा रिव्ह्यू आला की मान्यता देण्याआधी निदान एक खरा प्रश्न विचारा : ही ओळ कुणासाठी आहे, आणि त्या माणसाला ती चालेल का?

पुढच्या भागात पेअर प्रोग्रामिंग पाहू.