आवाज आपला, किल्ली कुणाची?

ऊसतोड कामगाराला हंगामापूर्वी मुकादम उचल देतो. ती फिटेपर्यंत त्या कामगाराला दुसऱ्याच्या फडात कोयता चालवता येत नाही. हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. पण गाणाऱ्या माणसालाही अशीच उचल मिळते आणि ती फिटेपर्यंत त्याचा गळासुद्धा गहाण पडतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात येते? अमेरिकेतल्या दोन काळ्या भावांची हकीकत म्हणूनच आज सांगायची आहे.

या भावांच्या जोडीचे नाव 'क्लिप्स'. थोरला जीन थॉर्नटन, गाण्यातले नाव मॅलिस. धाकटा टेरेन्स थॉर्नटन, गाण्यातले नाव पुशा टी. दोघेही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ज्या ब्राँक्सच्या एका इमारतीत हिप-हॉपचा पाळणा हलला, तोच हा भाग. पुढे कुटुंब व्हर्जिनिया बीच येथे आले आणि दोघे तिथेच वाढले. व्हर्जिनिया ही भूमी काय आहे हे समजून घेतले पाहिजे. १६१९ साली इंग्रजांच्या वसाहतीत पहिले आफ्रिकी गुलाम उतरवले गेले ते याच किनारपट्टीवर. काळे आणि गोरे यांच्या लग्नाला बंदी घालणारा व्हर्जिनियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो १९६७ साली. लग्नाच्या कुंपणावरच जात उभी असते, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. त्या कुंपणाचा अमेरिकी नमुना पाहायचा असेल तर व्हर्जिनियाकडे बोट दाखवता येते.

याच शहरात फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो ही दोन मुले शाळकरी वयात एकत्र आली आणि पुढे 'नेपच्यून्स' या नावाने जगप्रसिद्ध संगीत-निर्माते झाली. थॉर्नटन बंधूंचे शब्द आणि नेपच्यून्सचे संगीत असा हा जोड जमला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीने क्लिप्सशी करार केला. अख्खा अल्बम तयार झाला. पण १९९९ मध्ये आलेले त्यातले पहिले गाणे चालले नाही आणि कंपनीने अल्बम फडताळात टाकला. केलेले काम कंपनीचे, सोसलेले नुकसान गाणाऱ्यांचे. हा पहिला धडा.

२००२ मध्ये अरिस्टा या दुसऱ्या कंपनीकडून 'लॉर्ड विलिन' हा त्यांचा अल्बम आला. त्यातले 'ग्राइंडिन' हे गाणे अमेरिकेतल्या शाळांच्या जेवणाच्या टेबलांवर मुले मुठी आपटून वाजवू लागली. या गाण्यात चाल अशी जवळजवळ नाहीच. नुसता ठोका आहे. हलगीच्या ठेक्यावर ज्यांचे पाय आपोआप हलले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. अल्बमच्या पाच लाखांवर प्रती खपल्या. आता या पोरांचे दिवस पालटले असे सगळ्यांना वाटले.

पण इथेच खरी गोष्ट सुरू होते. २००३ च्या अखेरीस दुसऱ्या अल्बमचे काम चालू झाले. २००४ मध्ये सोनी आणि बीएमजी या दोन बड्या संगीत उद्योगांचे विलीनीकरण झाले. त्या उलथापालथीत अरिस्टाचे कलाकार जाइव्ह या कंपनीकडे गेले. नेपच्यून्सचा स्टार ट्रॅक हा स्वतःचा विभाग दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला, पण क्लिप्स करारामुळे जाइव्हकडेच अडकले. म्हणजे संगीतकार एका वाड्यात आणि गाणारे दुसऱ्या वाड्यात! जाइव्हचा भर त्या काळी पॉप संगीतावर होता. रस्त्यावरचे खडबडीत रॅप घेऊन आलेल्या या भावांना तिथे वाली नव्हता. आम्हाला सोडा, अशी त्यांनी विनंती केली. कंपनीने सोडले नाही. अखेर त्यांना कोर्टात जावे लागले.

कंपनी सोडत का नाही? या धंद्याचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. कंपनी कलाकाराला आगाऊ रक्कम देते. स्टुडिओचा खर्च, जाहिरातीचा काही खर्च, चित्रफितीचा खर्च हे सारे त्याच्या खात्यावर मांडले जाते. विक्रीतून त्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतून ती उचल आधी वसूल होते. एवढे करूनही मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा कंपनीचीच राहते. शिवाय ठरलेल्या संख्येचे अल्बम दिल्याशिवाय कलाकाराला दुसरीकडे जाता येत नाही. कंपनीने अल्बम बाजारात आणलाच नाही तर काय? तर कलाकार बसून राहतो. बाजार त्याला विसरतो. कंपनीला घाई नसते, कारण तिच्याकडे आणखी शंभर कलाकार असतात. कलाकाराकडे मात्र एकच तारुण्य असते.

या भावांनी हातावर हात ठेवले नाहीत. फिलाडेल्फियाच्या अब-लिवा आणि सँडमन या दोन रॅपरांना सोबत घेऊन त्यांनी 'वी गॉट इट फॉर चीप' या नावाच्या मिक्सटेप काढल्या. पहिली २००४ मध्ये, दुसरी २००५ मध्ये. मिक्सटेप म्हणजे काय? दुसऱ्यांच्या गाजलेल्या गाण्यांचे संगीत घ्यायचे, त्यावर आपले नवे शब्द चढवायचे आणि दुकान टाळून थेट ऐकणाऱ्यांच्या हाती पोचवायचे. आपल्या शाहिरांनी लोकप्रिय चालींवर आंबेडकरी आशयाची गाणी रचली आणि ती वस्तीवस्तीत नेली. तीच ही रीत. या मिक्सटेप हातोहात गेल्या, इंटरनेटवर पसरल्या, आणि कंपनीने कोंडलेली ही जोडी आधीपेक्षा अधिक चर्चेत आली. कुलूप अल्बमला लागले होते, जिभेला लागले नव्हते.

२००६ च्या मे महिन्यात तडजोड झाली. तारखा पुढे ढकलत ढकलत २८ नोव्हेंबर २००६ रोजी 'हेल हॅथ नो फ्युरी' हा अल्बम बाहेर आला. पहिल्या अल्बमनंतर सव्वाचार वर्षांनी! नरकातही नसेल असा संताप, हे नाव उगाच आलेले नाही. बारा गाणी, आणि सर्वांचे संगीत नेपच्यून्सचे. ते संगीत श्रीमंती थाटाचे नाही. हाडे दिसतील इतके कृश आहे. एका गाण्यात अकॉर्डियनचा भाता खोकल्यासारखा चालतो. दुसऱ्या गाण्यात स्टील ड्रम वाजतात. हे स्टील ड्रम त्रिनिदादच्या काळ्या कष्टकऱ्यांनी घडवलेले वाद्य आहे. इंग्रज सरकारने त्यांच्या चामड्याच्या ढोलांवर बंधने घातली, तेव्हा त्यांनी बांबू वाजवले, डबे वाजवले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपे ठोकून सुरात आणली. वाद्य हिसकावले म्हणून नाद थांबत नाही, हा इतिहास त्या ठोक्यात आहे. समीक्षकांनी अल्बमला डोक्यावर घेतले. विक्रीच्या यादीत मात्र तो चौदाव्या स्थानापर्यंतच पोचला. चार वर्षे कोंडून ठेवलेल्या मालाला बाजारात पहिल्यासारखी मागणी कशी राहील?

आता एक आक्षेप आपणच घेतला पाहिजे. या भावांच्या गाण्यांचा विषय काय? कोकेनचा धंदा, त्यातला पैसा, त्यातली ऐट. व्यसनाने वस्त्याच्या वस्त्या उद्ध्वस्त होताना ज्यांनी पाहिल्या त्या आपल्यासारख्यांनी याचे कौतुक का करावे? आक्षेप रास्त आहे आणि तो सोडून देता कामा नये. विषाला विषच म्हटले पाहिजे. पण त्याचबरोबर राज्यसंस्थेने काय केले हेही सांगितले पाहिजे. १९८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार पाच ग्रॅम क्रॅक सापडला तर किमान पाच वर्षे तुरुंग, आणि तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र पाचशे ग्रॅम लागत असे. मूळ द्रव्य एकच. पण क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते बहुतांशी काळे. एकास शंभर हे प्रमाण २०१० मध्ये एकास अठरावर आले, एकास एक झाले नाही. अशा समाजातला तरुण त्या धंद्याविषयी बोलतो तेव्हा तो त्याचे समर्थन करतो की साक्ष देतो, हे प्रत्येक गाणे ऐकून ठरवावे लागते. या अल्बममध्ये ऐट आहे, तशी आईची माफी मागणारे गाणेही आहे आणि रात्री झोप उडवणारी भीतीही आहे.

जीवनाने या प्रश्नाचे उत्तर फार कठोरपणे दिले. त्यांच्या माजी व्यवस्थापकाला अंमली पदार्थांच्या खटल्यात २०१० मध्ये ३२ वर्षांची शिक्षा झाली. थोरला भाऊ हादरला, धर्माकडे वळला. पुढे 'मॅलिस' म्हणजे द्वेष या नावाआधी त्याने 'नो' लावला. २००९ च्या तिसऱ्या अल्बमनंतर जोडी थांबली. धाकटा एकटा गात राहिला.

त्यानंतर सुमारे सोळा वर्षांनी, ११ जुलै २०२५ रोजी, 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' हा त्यांचा चौथा अल्बम आला. संगीत फॅरेलचे एकट्याचे, कारण तोवर नेपच्यून्समधील दोघांत नावाच्या मालकीवरून वाद सुरू झाला होता. ध्वनिमुद्रण पॅरिसमध्ये, ज्या लुई व्हिताँ या बड्या फॅशन कंपनीत फॅरेल पुरुषांच्या कपड्यांचा विभाग सांभाळतो तिथल्या स्टुडिओत. पहिलेच गाणे २०२१ मध्ये गेलेल्या आईवर आणि २०२२ मध्ये गेलेल्या वडिलांवर आहे. पन्नाशीत पोचलेले दोन भाऊ कोणत्या धंद्याची ऐट मिरवत नाहीत, आईबापाशी झालेले अखेरचे बोलणे आठवतात.

आणि इथेही कंपनी आडवी आलीच! एका गाण्यात केंड्रिक लामार या रॅपरचे कडवे होते. ते सौम्य करा किंवा काढा, असा आग्रह डेफ जॅम कंपनीकडून झाला, असे पुशा टी याने मुलाखतींत सांगितले. भावांनी एक शब्द बदलला नाही. सात आकडी डॉलर मोजून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. अल्बम दुसऱ्या वितरकाकडून आला, पहिल्याच आठवड्यात विक्रीच्या यादीत चौथ्या स्थानी गेला आणि ग्रॅमीच्या 'अल्बम ऑफ द इयर'च्या नामांकनांत बसला. २००४ मध्ये त्यांच्याकडे सुटकेचे पैसे नव्हते, म्हणून ते अडकले. २०२५ मध्ये होते, म्हणून सुटले. ज्यांच्याकडे कधीच नसतात त्यांचे काय?

हा प्रश्न आपल्या दाराशी येऊन थांबतो. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. त्यांच्या अनुभवातून आपण काय घ्यायचे, ही दृष्टी त्यामागे होती. आज आपण काय घ्यायचे? भीमगीतांच्या कॅसेटनी एक जमाना गाजवला. ती लिहिणाऱ्या-गाणाऱ्या किती जणांच्या हाती विक्रीच्या प्रमाणात पैसा आला? एकरकमी मानधन, कोऱ्या-अर्धवट कागदावर सही आणि हार-तुरे, यावर बोळवण होत राहिली. आता मुंबईच्या वस्त्यांतून आणि विदर्भ-मराठवाड्याच्या गावांतून आपली पोरे रॅप करत आहेत. त्यांच्यासमोर तोच कागद नव्या रूपात येतो आहे.

तेव्हा कायदा काय सांगतो ते पाठ केले पाहिजे. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. तीनुसार ध्वनिमुद्रणात वापरल्या गेलेल्या गीताच्या व संगीताच्या कर्त्याला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. वारस किंवा कर्त्यांची हक्कसंस्था एवढाच अपवाद. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्क घेतलेल्या कंपनीने वर्षभरात त्याचा वापरच केला नाही तर हस्तांतर संपुष्टात येते. मात्र करारात वेगळे लिहिलेले असेल तर ही सवलत जाते, आणि नेमके तेच वेगळे बारीक अक्षरात लिहिलेले असते! गायक-वादकांनाही व्यापारी वापरातून रॉयल्टीचा हक्क आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत जिवंत आहे.

चळवळीत वकिलांची संख्या कमी नाही. जयंतीच्या मंचावर शाहिराला शाल देणाऱ्या प्रत्येक मंडळाने वर्षातून एक दिवस अशा वकिलांना बसवून कलावंतांचे करार वाचून घ्यावेत. गीतकारांची नावे, रचनांच्या तारखा, मूळ वह्या यांची नोंद ठेवावी. याला मोठा निधी लागत नाही, बसून काम करण्याची तयारी लागते.

व्हर्जिनियाच्या दोन भावांना हे शहाणपण यायला तीन कंपन्या आणि पंचवीस वर्षे लागली. आपल्या पोरांना एवढी वर्षे घालवावी लागू नयेत. सही करण्यापूर्वी वाचा, आणि एकट्याने वाचू नका.