गिऱ्हाईक उदंड, माल कुठंय?

टोकियोच्या अकिहाबारा भागात ‘सुपर पोटॅटो’ नावाचं दुकान आहे. नाव बटाट्याचं, माल जुन्या व्हिडिओ गेमचा. एका इमारतीचा तिसरा, चौथा आणि पाचवा मजला त्याने व्यापलेला. खालच्या दोन मजल्यांवर कॅसेटी, कंट्रोलर आणि यंत्रं खच्चून भरलेली. सगळ्यात वर नाणं टाकून खेळायची जुनी मशिनं आणि शाळकरी पोरांना परवडेल असा खाऊ. ही एक छोटी साखळी. तिच्या आसपास, आणि ओसाकाच्या निप्पोनबाशी भागातही, एकेकट्या मालकांची अशीच दुकानं आहेत. बंद पडत चाललेल्या जुन्या धंद्याची गोष्ट सहसा ‘आता कोण येतंय?’ या वाक्याने सुरू होते. इथं तसं नाही. इथं जिन्यावर रांग लागते, आणि दुकानदाराच्या कपाळावरची आठी त्या रांगेमुळेच पडलेली असते.

वाण्याकडची साखर संपली तर तो घाऊक व्यापाऱ्याला फोन करतो. निन्टेंडोच्या फॅमिकॉमची कॅसेट संपली तर फोन कुणाला करणार? फॅमिकॉम हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या बाजारात आलं, किंमत १४,८०० येन. एकट्या जपानात ते १ कोटी ९३ लाखांच्या वर खपलं. त्यानंतर सेगाचं मेगा ड्राइव्ह, सुपर फॅमिकॉम, १९९४ साली सोनीचं प्लेस्टेशन. हा सगळा माल एकदाच बनला. त्यातला जो अजून शाबूत आहे, तो लोकांच्या घरातल्या कपाटांत, माळ्यांवर, गावाकडच्या खोल्यांत पडून आहे. कुणी घर बदलतं, कुणाचं लग्न होतं, कुणाची आई साफसफाई काढते, तेव्हा एखादी पेटी दुकानात येते. म्हणून या दुकानांत विक्रीइतकाच ‘आम्ही विकत घेतो’ हा फलकही ठळक असतो. विकणं त्या मानाने सोपं. खरा धंदा होतो तो विकत घेण्याच्या काउंटरवर.

तिथं बसायला आधी पोलिसांचा परवाना लागतो. जपानमध्ये जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी १९४९ पासूनचा स्वतंत्र कायदा आहे. वस्तू चोरीची असू शकते, म्हणून विकायला येणाऱ्याची ओळख तपासायची आणि नोंद ठेवायची, हा त्याचा गाभा. दहा हजार येनच्या आतल्या व्यवहारांना बऱ्याच वस्तूंसाठी सूट आहे, पण मोटारसायकली, पुस्तकं, सीडी-डीव्हीडी आणि व्हिडिओ गेम यांना ती नाही. कारण उघड आहे: दुकानातून उचलायला सोप्या आणि लगेच पैसे करून देणाऱ्या याच वस्तू. त्यामुळे एखाद्याने दोनशे येनची कॅसेट आणली तरी ओळखपत्र बघा, नोंद करा. मिळकत दोनशेच्या मालाची, कागद दोन लाखांच्या मालाचा.

हा धंदा आज चालू आहे, हेही एका न्यायालयीन लढाईमुळे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी जुन्या गेमच्या दुकानांना कोर्टात खेचलं. वाचकाने इथं जरा थांबावं, कारण युक्तिवाद मोठा मजेशीर होता. जपानच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाच्या निर्मात्याला वितरणाचा खास हक्क दिलेला आहे: चित्रपटाची प्रत कुणाकडे जायची हे तो ठरवतो. हा हक्क मुळात थिएटरांत फिरणाऱ्या रिळांसाठी होता. कंपन्या म्हणाल्या, व्हिडिओ गेम म्हणजेही हलत्या चित्रांची कलाकृती, म्हणजे चित्रपटच. तेव्हा आमच्या परवानगीशिवाय गेमची दुसऱ्यांदा विक्री होऊ शकत नाही. १९९९ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला, ओसाकाच्या न्यायालयाने कंपन्यांच्या. अखेर २५ एप्रिल २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांचंही थोडं थोडं ऐकलं. गेम हा चित्रपटाच्या वर्गात मोडतो, हे मान्य. वितरणाचा हक्क आहे, हेही मान्य. पण प्रत एकदा कायदेशीरपणे विकली गेली की तो हक्क संपतो. घरोघरी विकलेली डिस्क म्हणजे थिएटरचं रीळ नव्हे. त्या काळात काही गेमच्या वेष्टनांवर ‘पुनर्विक्रीस मनाई’ अशी खूण छापलेली असायची. तीच वेष्टनं आज या दुकानांत किमतीची चिठ्ठी लावून उभी आहेत.

आता काउंटरवरच्या कौशल्याकडे. नवख्याला वाटतं, जो गेम गाजलेला तो महाग. उलट आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानात लाखोंनी खपला, म्हणून त्याची नुसती कॅसेट आजही स्वस्त. महाग असतो तो यंत्राच्या उतारवयात आलेला गेम. सनसॉफ्ट कंपनीचा ‘गिमिक’ फॅमिकॉमवर १९९२ च्या जानेवारीत आला, तेव्हा सुपर फॅमिकॉम बाजारात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. पोरांनी नवं यंत्र घेतलेलं, जुन्याचा गेम घेतो कोण? थोडक्या प्रती गेल्या, म्हणून आज तो कॅसेटीच्या आकाराचा दागिना झालाय. त्यात पुन्हा खोका आहे का, पुस्तिका आहे का, मागे कुणा पोराने मार्करने नाव लिहिलंय का, यावर भाव हलतो. जे चालतं की नाही तेच माहीत नाही, ते ‘भंगार’ म्हणून वेगळ्या टोपल्यांत जातं: परत घेणार नाही, नशीब तुमचं. जाणकार गिऱ्हाईक आधी या टोपल्यांकडे वळतं.

आणि चालत नसेल तर चालवायचं कसं, ही दुकानाची दुसरी विद्या. जुन्या कॅसेटीत खेळ जतन करण्यासाठी आत एक बटन-सेल असतो, पत्र्याच्या पट्टीने बोर्डाला जोडलेला. तो मेला की गेम सुरू होतो, पण जतन केलेला खेळ पुसला जातो. १९९९ च्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये तर त्याच सेलवर घड्याळही चालतं, त्यामुळे तो लवकर संपतो. बदलण्यासाठी कॅसेट खोलावी लागते आणि तिचे स्क्रूही साध्या स्क्रूड्रायव्हरने न निघणारे. १९८६ च्या फॅमिकॉम डिस्क सिस्टीममधला रबरी पट्टा कालांतराने विरघळून काळा चिकट गोळा होतो. सेगाच्या गेम गिअरमध्ये बारीक कपॅसिटर गळतात आणि पडदा मंद होतो. मूळ फॅमिकॉमला तर आजचा टीव्ही जोडताच येत नाही, कारण ते अँटेनाच्या तारेवरून चित्र पाठवतं. म्हणून काही दुकानं आत फेरफार करून वेगळी जोडणी काढून देतात. (लहानपणी आपण सगळेच कॅसेटीत फुंकर मारायचो. श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या उलट गंजतात. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. दुकानदार फुंकत नाहीत, अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसतात.)

‘डक हंट’ या बदकं टिपायच्या गेमची बंदूक आजच्या टीव्हीवर का चालत नाही, हाही इथं नेहमीचा प्रश्न. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगाला बांधलेलं. सपाट टीव्ही चित्र दाखवायला थोडा उशीर लावतो, उजेडही तसा पाडत नाही, आणि बदक उडून जातं. त्यामुळे गेमसोबत जाड पाठीचा टीव्हीही हवा, आणि तोही आता कुणी बनवत नाही.

गर्दी वाढली ती येनमुळे. २०२१ च्या सुरुवातीला एका डॉलरला १०३-१०४ येन मिळत. जुलै २०२४ मध्ये १६१ च्या आसपास. त्या एका वर्षात जपानमध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आले. डॉलर किंवा युरो घेऊन आलेल्या माणसाला अकिहाबारातला प्रत्येक भाव मोठ्या सवलतीचा वाटतो, वर पाहुण्यांना विक्रीकराची माफी. काही जण आठवण म्हणून एक कॅसेट नेतात, काही सुटकेस भरून नेतात आणि आपल्या देशात विकतात. हा माल परत येत नाही. इकडे ज्यांच्या कपाटात तो होता, त्यांच्या हातात आता मर्कारीसारखं ॲप आहे: फोटो टाका, थेट विका, दहा टक्के कापून पैसे घ्या. दुकानदाराला भाडं, पगार, दुरुस्ती आणि न खपणारा माल सगळं धरून भाव द्यावा लागतो. तो ॲपच्या बरोबरीला येत नाही. म्हणजे समोरचं दार वाहतंय आणि मागचं आटतंय.

त्यात सट्टेवाले शिरले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा काही दुर्मीळ गेम नव्हे. दुर्मीळ होतं ते न फाडलेलं प्लास्टिक. अशा बातमीनंतर दुकानात जुनी पेटी घेऊन येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत काय आकडे असतील, ते वेगळं सांगायला नको.

मग मुंबई-पुण्यात असं दुकान का उभं राहिलं नाही? माल नव्हता, हेच उत्तर. नव्वदच्या दशकात मराठी घरांत जो ‘टीव्ही गेम’ आला तो बहुतेक फॅमिकॉमची नक्कल होता, आणि त्यासोबतच्या पिवळ्या-काळ्या कॅसेटीही नकलाच, वर ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या. आत दहा-बारा खेळ, तेच पुन्हा पुन्हा. पण त्यांची ६० पिनांची जोडणी फॅमिकॉमचीच होती. म्हणजे माळ्यावरचं ते यंत्र अजून जिवंत असेल, तर अकिहाबारातली अस्सल कॅसेट त्यात सहसा बसते. आपल्याकडे खोका नव्हता, पुस्तिका नव्हती, आणि यंत्र बिघडलं की भंगारवाला होता. जुन्या मालाची बाजारपेठ उभी राहायला आधी तो माल जपून ठेवणारी कपाटं लागतात. टोकियोतल्याच निशी-कासाईच्या भारतीय वस्तीतून अकिहाबाराला मेट्रोने अर्धा तासही लागत नाही. तिथल्या मराठी इंजिनिअरांना ‘काँट्रा’ची अस्सल कॅसेट हातात धरायला एवढा प्रवास पुरतो.

हे सगळे गेम संगणकावर फुकट खेळता येतात, मग दुकानात जायचं कशाला? काही प्रमाणात हौस, हे खरंच. पण अधिकृतपणे घ्यायचं म्हटलं तर बरेचसे मिळतच नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. कंपनी विकत नाही, वाचनालयात मिळत नाही. राहतं ते जुन्या मालाचं दुकान किंवा चोरवाट. शिवाय दुकानात माणूस असतो. आरपीजीच्या, म्हणजे कथेतलं पात्र होऊन खेळायच्या गेमच्या, फडताळापुढे घुटमळणाऱ्याला ‘जपानी येत नसेल तर हा घेऊ नका, निम्मा खेळ वाचण्यातच आहे’ असं सांगणारा. अल्गोरिदम हे सांगत नाही, तो विकून मोकळा होतो.

पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: आज खपणाऱ्या गेमचं तीस वर्षांनी दुकान कसं मांडणार? २७ मार्च २०२३ रोजी निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री बंद केली. तिथं फक्त डाउनलोडने मिळणारे गेम कुणाच्या माळ्यावर नाहीत, ते कुणी पेटीत भरून काउंटरवर आणणार नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्याच स्विच २ या यंत्राच्या बऱ्याच गेमच्या खोक्यात ‘गेम-की कार्ड’ असतं. दिसायला कार्ट्रिज, आत खेळ नाही. ते यंत्रात घालायचं आणि खेळ इंटरनेटवरून उतरवायचा. हे कार्ड दुसऱ्याला विकता येतं, पण ते कामाचं राहील सर्व्हर चालू असेपर्यंतच. जपानचं राष्ट्रीय संसद ग्रंथालय २००० सालापासून खोक्यातून विकले जाणारे गेमही जतन करतं. नुसत्या किल्लीत मजकूर नाही, म्हणून ही कार्डं आपल्या संग्रहात बसत नाहीत, अशी त्याची भूमिका आहे. ग्रंथालयाला नाही म्हणता येतं. दुकानदाराला मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाला भाव सांगावा लागेल.