गुण बेताचे, शाखा चुरशीची : अमेरिकेतली रेसिडेन्सी

■ स्टेप १ (यूएसएमएलई या वैद्यकीय परवाना परीक्षेचा पहिला टप्पा) : २६ जानेवारी २०२२ पासून निकाल फक्त पास किंवा नापास. त्यामुळे स्टेप २ सीके (क्लिनिकल नॉलेज) या पुढच्या टप्प्याच्या गुणांचं वजन वाढलं.

■ दुसरी संधी : पास झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देता येत नाही. नापास झालेला प्रयत्न गुणपत्रिकेत कायम दिसतो. प्रत्येक टप्प्याला कमाल ४ प्रयत्न.

■ भर कशाने पडते? : पसंतीच्या रुग्णालयात केलेलं काम, तिथल्या डॉक्टरांचं शिफारसपत्र, संशोधनाचं एखादं वर्ष.

■ पसंतीक्रम : चुरशीची शाखा वर, इंटर्नल मेडिसिन खाली, असं एकाच यादीत चालतं. अवघड जागा वर लिहिल्यानं खालची संधी हुकत नाही.

■ जागा हुकली तर : मार्चमधल्या मॅच (रेसिडेन्सीच्या जागावाटपाच्या) आठवड्यात उरलेल्या जागांसाठी ‘सोप’ ही पूरक फेरी.

■ भारतातले पदवीधर : रेसिडेन्सी सुरू करण्याआधी ईसीएफएमजी (परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचं) प्रमाणपत्र आवश्यक.